बापाच्या रजेचा प्रश्नही स्त्रीवादाचाच

महोदय,

स्त्री-पुरुष समानतेचा विषय निघाला की आमच्या ऑफिसात हमखास ऐकू येतं, ‘बायकांना सगळं मिळालं, आता आणखी काय हवंय?’ मी लोअर परळच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे आणि तान्ह्या मुलीचा बाप आहे. समानता नसल्यामुळे माझंच किती अडतं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. बायकोचं सिझेरियन झालेलं, तिला कुशीवर वळताही येत नव्हतं, आणि मी उरलीसुरली किरकोळ रजा संपवून भांडुपहून करी रोडची स्लो लोकल पकडली. सासूबाई सावंतवाडीहून आल्या म्हणून निभावलं. त्या तिकडची शेती कोणाच्या भरवशावर टाकून आल्या, हे मात्र आम्हाला कोणी विचारलं नाही.

पुढचा प्रश्न पाळणाघराचा. बायकोचं ऑफिस लहान, तिथे सोय नाही. माझ्या कंपनीत आहे. मी अर्ज केला, तर उत्तर आलं की ते ‘लेडीज स्टाफ’साठी आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं झालं, हे चांगलंच झालं. पण हे ५० मोजताना पुरुषही धरले जातात आणि दिवसातून चार वेळा मुलाला भेटून यायची मुभा मात्र फक्त आईला. बापाला मूल असतं, हे कायद्याच्या लक्षातच आलेलं नाही.

याची किंमत पुन्हा बायकांनाच मोजावी लागते. बायको दुसऱ्या नोकरीच्या मुलाखतीला गेली, तेव्हा पहिला प्रश्न होता, ‘बाळाकडे कोण बघतं?’ त्याच सुमारास माझे साहेब मला म्हणाले, ‘जबाबदारी वाढली, आता प्रमोशनचं बघायला हवं.’ मूल एकच, आमचं दोघांचं. मालकांचं गणितही उघड आहे. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या, कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या (ईएसआयसी) योजनेत येणाऱ्या बाईचा मातृत्व लाभ महामंडळ देतं. त्यापुढच्या पगाराच्या बाईच्या २६ आठवड्यांच्या पगारी प्रसूती रजेचा खर्च एकट्या मालकावर पडतो. मग तो बाईला घेतानाच कचरतो.

हे आपल्याकडे फार पूर्वी मांडलं गेलं होतं. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, अशी भूमिका घेतली होती. १९२९ साली कायदा झाला, पण भार मालकांवरच राहिला. आणि आज त्याच गिरणगावात, काचेच्या टॉवरमध्ये, बायकोसाठी तीच मागणी करायची वेळ माझ्यावर आली आहे.

मुंबईच्या खासदारांना विनंती आहे की, खासगी क्षेत्रातल्या बापाला पगारी पितृत्व रजा आणि पाळणाघराचा आईइतकाच हक्क देणारी दुरुस्ती त्यांनी संसदेत मांडावी, आणि प्रसूती रजेच्या खर्चात सरकारचा वाटा मागावा. माझ्यासारख्या पुरुषांनीही आपापल्या कंपनीत पाळणाघरासाठी लेखी अर्ज करावेत. माझा दुसरा अर्ज गेला आहे.

– एक वाचक, भांडुप (पूर्व)