सातव्या गाण्याची लय

प्रिय मित्रा,

आठ महिने तुला एक ओळ लिहिली नाही. काकांच्या ऑपरेशनचं दुसऱ्याकडून कळलं, तरी फोन केला नाही. त्याची लाज वाटते. माझी तब्येत ठीक. पाठ दुखते, बाकी काही नाही. अल्बम संपत आलाय, दहापैकी नऊ गाण्यांचं मिक्सिंग झालं. सातवं अडलंय, आणि त्याबद्दल तुझ्याशिवाय कोणाशी बोलता येणार नाही.

सातवं म्हणजे तेच. जिन्याखालच्या खोलीतलं.

यादीतून ते मी दोनदा काढलं होतं. मग जुनी हार्ड डिस्क उपसताना त्या रात्रीची फाइल सापडली. मध्ये एकच माइक, एका बाजूला तू गिटार घेऊन, समोर मी गातोय. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ, दोघं एकाच ट्रॅकवर. सुरुवातीला तू ‘एक, दोन’ म्हणतोस आणि तीन न म्हणताच सुरू करतोस. मी हसतो, तेही आलंय. सलग चार वेळा ऐकलं.

खरं तर यंदा हे गाणं मी नव्याने रेकॉर्ड केलं होतं. क्लिक ९२ वर, म्हणजे कानात मिनिटाला ९२ ठोक्यांची टिकटिक लावून. ड्रम्स वेगळे, बेस वेगळा, गिटार मीच वाजवली, आवाजाचे अकरा टेक आणि त्यांचे तुकडे जोडून एक. खोट काढायला जागा नाही, पण गाणं उठतच नाही. तीन आठवडे मी त्याचं कारण मिक्समध्ये शोधत होतो. २०० ते ४०० हर्ट्‌झमध्ये गिटार आणि आवाज एकमेकांवर चढत होते, तिथे गिटार तीन डेसिबलने खाली घेतली. मोकळं झालं, पण जीव आला नाही. मोठे आवाज दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा अटॅक सैल केला, म्हणजे तो जरा उशिरा दाबेल, ड्रमला धार आली, पण गाणं तिथेच. घरचे झोपल्यावर आवाज बारीक ठेवून काम करायचो, तर रात्री नेमका वाटलेला बेस सकाळी घुमायचा. बारीक आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. मला ते पाठ आहे, तरी रोज रात्री बेस वाढवत राहिलो. असं करत करत एकोणिसाव्या मिक्सपर्यंत आलो.

मग तुझी फाइल त्याच सेशनमध्ये ओढली आणि टेम्पो मोजला. तू ९१ वर सुरू करतोस. मुखडा दुसऱ्यांदा येतो तेव्हा ९३. अंतऱ्यात शिरताना ९६. आणि शेवटच्या ओळीआधी इतका मागे येतोस की मला श्वास घ्यायला जागा मिळते. मी नेमका तिथेच श्वास घेतो, स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे तुझी लय धावत नव्हती रे. तू माझं गाणं ऐकत वाजवत होतास.

आणि मी सगळ्यांसमोर काय म्हणालो होतो? “तुझी लय धावते, क्लिक लाव.” तू म्हणालास, “क्लिकला दम लागत नाही, गाणाऱ्याला लागतो,” आणि केबल गुंडाळून निघून गेलास. त्यातली एक केबल माझी होती, ती अजून तुझ्याकडेच आहे! दोन वर्षं आपण नीट बोललो नाही. तुझं बरोबर होतं. तोंडाने कधी म्हटलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आता पुढचं ऐकून रागावशील. नवे ड्रम्स वाया जाऊ नयेत म्हणून तुझा टेक मी ९२ च्या ग्रिडवर ताणून बसवला. दहा मिनिटांत सगळे ठोके जागेवर आले आणि गाणं मेलं. माझ्या श्वासाची जागाच गेली. तारांची धार बोथट झाली. लगेच मागे फिरलो. मग उलटं केलं: तुझा टेक आहे तसा ठेवला, ठोक्याठोक्यावर खुणा केल्या आणि सगळं सेशन तुझ्या लयीमागे वाकवलं. ड्रमरला पुन्हा बोलावलं, क्लिक बंद, कानात फक्त तू. पहिल्या टेकला तो दोनदा घसरला. तिसरा त्याने डोळे मिटून वाजवला, तोच ठेवलाय.

पण दोघं एकाच माइकवर, त्यामुळे गिटार वर घ्यावी तर गळाही वर येतो. मागे पंख्याची घरघर आहे. नॉइज रिडक्शन लावलं की ती जाते, पण तारेवरून तुझं बोट सरकतं तो आवाजही जातो, आणि मला तो हवाय. ८० हर्ट्‌झखालचं कापलं, बस. अल्बमवर शेवटचा हात फिरवणारा मास्टरिंगवाला म्हणतो, बाकीच्या नऊ गाण्यांपुढे याचा जोर कमी पडेल, आणि हे कच्चं वाटेल. जोराचं मी मनावर घेत नाही, स्पॉटिफाय सगळी गाणी एकाच जोराच्या, उणे १४ एलयूएफएसच्या, आसपास आणूनच वाजवतं. कच्चं वाटेल हे मात्र खरं असू शकतं. हे गाणं चांगलं आहे म्हणून मला आवडतंय, की त्यात आपण दोघं आहोत म्हणून? रात्ररात्र याच प्रश्नावर जागतोय. घरचे ‘छान’ म्हणतात, त्याने काहीच कळत नाही. तूही त्याच खोलीतला, हे मला दिसतं. पण मला तोंडावर ‘वाईट’ म्हणणारा तू एकटाच उरलायस.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल कळव. गिटार बाहेर काढतोस की नाही? काकांना भेटायला येतोय, नक्की. वहिनींना नमस्कार.

दोन फाइल पाठवल्यात: एकोणिसावा मिक्स आणि तुझा टेक. दोन्हींची पातळी सारखी केलीय, नाहीतर मोठं वाजेल तेच चांगलं वाटतं. आधी स्पीकरवर ऐक, मग हेडफोनवर. सोमवारी सगळं मास्टरिंगला द्यायचंय. ‘नको’ म्हणालास तर नऊ गाण्यांचा अल्बम काढीन. गिटारपुढे तुझं नाव घातलंय, पण तू हो म्हटल्याशिवाय ते कुठेही जाणार नाही.

दोन मिनिटं अकरा सेकंदांना तुझी खुर्ची करकरते. ती तशीच ठेवलीय.

तुझाच