बॉक्स कॅमेऱ्यात आजही रोल भरता येतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या वस्तूंनी दिवाणखाना कसा सजवावा, या विषयावर एक लेख नुकताच प्रसिद्ध झाला. त्यात ग्रामोफोनचा कर्णा, पितळी घंगाळ आणि टाइपरायटर यांच्या पंगतीत जुने बॉक्स कॅमेरेही बसवले होते. त्यांची फिल्म आता कुठेच मिळत नसल्याने आत दिवा बसवून त्यांचा टेबललॅम्प करावा, असा सल्लाही लेखकाने दिला आहे. हा सल्ला ज्या माहितीवर उभा आहे तीच चुकीची आहे. तो वाचून घराघरांतले चांगले चालू कॅमेरे भोके पाडण्यासाठी बाहेर निघू नयेत, एवढ्याचसाठी हे पत्र.

कोडॅक कंपनीने फेब्रुवारी १९०० मध्ये एक डॉलर किमतीचा ‘ब्राउनी’ हा बॉक्स कॅमेरा बाजारात आणला. फ्रँक ब्राउनेल यांनी घडवलेल्या या कॅमेऱ्यात काळ्या नकली चामड्याने मढवलेली पुठ्ठ्याची पेटी, पुढे एक साधे भिंग आणि मागे फिल्म, याहून फारसे काही नव्हते. तरीही पहिल्याच वर्षात त्याचे लाखाहून अधिक नग खपले. पुढच्या वर्षी ‘नंबर २ ब्राउनी’ आला आणि त्याच्यासाठी जी फिल्म काढली गेली, ती आज १२० या क्रमांकाने ओळखली जाते. तिचे उत्पादन तेव्हापासून थांबलेले नाही. इंग्लंडमध्ये इलफर्ड, चेक प्रजासत्ताकात फोमा आणि अमेरिकेत कोडॅक ती बनवतात, आणि कोडॅकने तर २०२२ मध्ये ‘गोल्ड २००’ ही रंगीत फिल्म १२० च्या आकारात नव्याने आणली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या ‘नंबर २ ब्राउनी’त आज सकाळी घेतलेला रोल कोणताही फेरफार न करता बसतो. दहा वर्षांपूर्वीच्या मोबाइलला चार्जर मिळवताना होणारी दमछाक ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना यातले अप्रूप वेगळे सांगायला नको.

लेखातील विधान पूर्णपणे निराधार आहे, असेही नाही. ११६ आणि ६१६ या आकारांच्या फिल्म १९८४ पासून बंद आहेत. ६२० आणि १२७ या आकारांची फिल्म कोडॅकने १९९५ मध्ये थांबवली. त्यांपैकी ६२० ची अडचण मात्र वाटते तेवढी मोठी नाही, कारण ती फिल्म आणि १२० ची फिल्म मुळात एकच असून फरक केवळ ती ज्या रिळावर गुंडाळलेली असते त्या रिळाच्या जाडीचा आहे. पूर्ण अंधारात १२० चा रोल उलगडून ६२० च्या रिळावर पुन्हा गुंडाळला की काम होते. हाताला वळण लागेपर्यंत एखादा रोल वाया जातो, इतकेच. त्यामुळे ६२० च्या कॅमेऱ्यात अडकलेले रिकामे रिळ फेकू नये, आणि रोल धुवायला देताना ते परत मागून घ्यावे. कॅमेरा कधीही मिळेल, ते रिळ मिळणे अवघड.

आपल्याकडच्या घरांत बहुतेक करून सापडतो तो मात्र १२० चाच, म्हणजे ‘आग्फा क्लिक थ्री’. रूपाने तो जुन्या पेटीसारखा चौकोनी नाही आणि डोळ्याला लावूनच वापरायचा असतो, पण एक साधे भिंग, शटरचा एकच ठरीव वेग आणि ऊन-ढग एवढीच निवड, हे पाहता तो आतून बॉक्स कॅमेराच आहे. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीज या कारखान्यात तो तयार होत असे, आणि साठ-सत्तरच्या दशकांत मुंजी, बारशी, सहली आणि अंगणातल्या रांगोळ्या ज्यांनी टिपल्या त्यांतले कितीतरी जण याच कॅमेऱ्याचे मालक होते. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो निघत. त्या काळी आपल्याकडे मुबलक मिळणारी ‘ओरवो’ फिल्म पूर्व जर्मनीतील वोल्फेन येथून येई. वोल्फेनचा तो कारखाना मुळात आग्फाचाच. महायुद्धानंतर तो पूर्व जर्मनीत राहिला आणि १९६४ मध्ये त्याच्या मालाला ओरवो हे नाव मिळाले. म्हणजे बडोद्याच्या आग्फात वोल्फेनचा रोल भरणाऱ्या आपल्या मंडळींनी, त्यांच्या नकळत, फाळणी झालेल्या एका कंपनीची दोन अंगे एका डब्यात आणली होती. पुढे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोलही आला. तो सरकारी कारखाना आता बंद पडला आहे, आणि आजचा प्रत्येक रोल आयात केलेला व म्हणून महाग असतो, ही खरी अडचण आहे. एका रोलला हजाराच्या आसपास रुपये मोजावे लागतात आणि धुलाईचा खर्च निराळा, हे लपवण्यात अर्थ नाही.

हा कॅमेरा इतक्या मोठ्या संख्येने विकला गेला, यातूनच माझा दुसरा मुद्दा निघतो. ‘क्लिक थ्री’ दुर्मीळ नाही. जुन्या वस्तूंच्या ऑनलाइन जाहिरातींत त्याला ‘अँटिक’, ‘ब्रिटिशकालीन’ अशी विशेषणे लावून जे आकडे सांगितले जातात, त्यांना काहीही आधार नाही. तो ब्रिटिशकालीन नाही, स्वातंत्र्यानंतरचा आहे. हीच गत कोडॅकच्या बहुतेक ब्राउनींची आणि आग्फाच्या ‘सिंक्रो बॉक्स’ची. लाखांनी बनलेल्या वस्तूला तिच्या वयामुळे किंमत येत नसते. १९३२ मध्ये जर्मनीत आग्फाने आपला बॉक्स कॅमेरा चार मार्कांना विकला तेव्हा अट अशी घातली होती, की त्या चार नाण्यांवर टांकसाळींची ए, जी, एफ, ए ही अक्षरे असली पाहिजेत. म्हणजे कंपनीचे नाव नाण्यांनीच जुळवून द्यायचे! लोकांनी खिशातली नाणी चाळून तो कॅमेरा घेतला आणि तो अमाप खपला. अशा वस्तूचा संग्रह करायचा तर तिच्या गोष्टीसाठी आणि तिच्यातून निघणाऱ्या फोटोसाठी करावा, गुंतवणूक म्हणून नव्हे. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या चार हजारांहून अधिक जुन्या कॅमेऱ्यांच्या संग्रहाची नोंद गिनेस बुकात झाली, गुरुग्राममध्ये आदित्य आर्य यांच्या पुढाकाराने २०१९ मध्ये ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उभे राहिले. ही कामे मोठी आहेत आणि ती त्या मंडळींनीच करावीत. तुमच्या-माझ्यासारख्याने दोन-तीन कॅमेरे ठेवावेत, पण ते चालते असावेत.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात बॉक्स कॅमेरा घेताना काय पाहावे, हे सांगणे सोपे आहे, कारण त्यात बिघडण्यासारखे फार थोडे असते. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता वर्षानुवर्षांच्या घड्यांनी फाटतो. बॉक्स कॅमेऱ्याला भाताच नसतो. मागचे झाकण उघडावे, कॅमेरा उजेडाकडे धरावा, खटका दाबावा आणि भिंगातून उजेडाची झुळूक येऊन जाते का ते पाहावे. आली, तर शटर जिवंत आहे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते, पण महागड्या लेन्समध्ये ती आतल्या थरांत शिरून बसते, तर इथे बहुधा एकच भिंग असल्याने ते मऊ कापडाने पुसता येते. वरच्या छोट्या व्ह्यूफाइंडरमधला आरसा मात्र चोळू नये, त्याचा मुलामा हाताबरोबर निघून येतो. पत्र्याचा गंज, उसवलेला कोपरा, सैल झाकण यांतून उजेड शिरतो. त्यावर काळी चिकटपट्टी हा दिसायला ओबडधोबड पण चोख इलाज आहे.

चिकटपट्टीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो नवख्यांना कुणी सांगत नाही. कॅमेऱ्याच्या पाठीला एक छोटी लाल खिडकी असते, तिच्यातून रोलच्या पाठकागदावरचे आकडे वाचत फिल्म पुढे सरकवायची असते. पूर्वीच्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे, म्हणून ती खिडकी निर्धोक होती. आजच्या फिल्मना सगळे रंग दिसतात, शिवाय त्या अधिक संवेदनशील असतात, त्यामुळे भर उन्हात तीच खिडकी फिल्म खराब करू शकते. खिडकीवर पट्टी लावून ठेवावी, आणि रोल फिरवताना सावलीत उभे राहून तेवढ्यापुरती उचलावी. पाठकागदावर आकड्यांच्या तीन ओळी असतात, सोळा, बारा आणि आठ फोटोंसाठी. यांपैकी आपल्या कॅमेऱ्याच्या खिडकीसमोर जी येईल ती आपली. ‘क्लिक थ्री’समोर बाराची येते, सिंक्रो बॉक्ससमोर आठाची.

फोटो काढण्याबद्दल बोलायचे, तर या कॅमेऱ्यांच्या शटरचा वेग सेकंदाच्या तिसाव्या ते पन्नासाव्या हिश्शाच्या आसपास आणि भिंगाचे तोंड, म्हणजे उजेड आत घेणारे छिद्र, एफ-११ या मापाच्या जवळपास असते. शंभर आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचा आकडा) फिल्म भर उन्हात वापरली, तर ती लागतो त्याहून बराच जास्त उजेड घेते, पण निगेटिव्ह फिल्म जादा उजेड निमूटपणे सोसते, कमी उजेड मात्र सोसत नाही. म्हणून हे कॅमेरे सकाळ-दुपारच्या उन्हातले आहेत. कॅमेरा पोटाशी किंवा कपाळाशी घट्ट धरावा, श्वास क्षणभर रोखावा आणि खटका झटका न देता दाबावा, नाहीतर फोटो हलतो. माणूस साधारण दहा फुटांवर उभा करावा. त्याहून जवळ आला की चेहरा अस्पष्ट होतो, कारण हे भिंग पुढे-मागे होत नाही. जुन्या पेट्यांत एकाच जागेवर दोन फोटो पडू नयेत यासाठी काहीही अटकाव नसतो, तेव्हा फोटो काढला की लगेच रोल पुढे सरकवण्याची सवय लावून घ्यावी.

एवढा खटाटोप करून मिळते काय, असा प्रश्न रास्त आहे. सहा बाय सहा सेंटिमीटरच्या निगेटिव्हचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटर निगेटिव्हच्या साडेतीन पटींहून अधिक भरते. साध्या भिंगाने काढलेला फोटो मध्यभागी नेटका आणि कडांना किंचित विरघळलेला येतो, आणि हा परिणाम मोबाइलमधल्या फिल्टरने आणलेल्या परिणामाहून वेगळा दिसतो, असे माझे मत आहे. ते कुणी मान्य करावेच असा आग्रह नाही. निदान दिवा बसवण्याआधी एक रोल काढून पाहावा.

घरातला जुना कॅमेरा विकण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी मात्र आणखी एक गोष्ट प्रत्येकाने अवश्य करावी. लाल खिडकीतून आत पाहावे. तिथे कागद किंवा आकडा दिसला, तर आत रोल आहे, आणि तो अर्धाच वापरलेला असू शकतो. अशा वेळी झाकण उघडू नये. कळ फिरवत राहावी, कागद संपून खिडकी रिकामी दिसली आणि कळ हलकी फिरू लागली, की मंद उजेडात रोल काढून त्याची चिकटपट्टी बांधावी आणि कृष्णधवल रोल हाताने धुणाऱ्या माणसाकडे, तो जुना आहे हे स्पष्ट सांगून, द्यावा. पन्नास वर्षांपूर्वीच्या रोलवरही चित्र टिकलेले असू शकते. ते धूसर येईल, काही वेळा येणारही नाही, पण कृष्णधवल फिल्मच्या बाबतीत आशा ठेवायला जागा असते. रंगीत फिल्मच्या बाबतीत ती बरीच कमी. तीच काळजी निगेटिव्हची. कॅमेरा विकणारी कित्येक घरे अल्बम जपतात आणि बिस्किटाच्या डब्यातल्या निगेटिव्ह कॅमेऱ्याबरोबर देऊन टाकतात. माझ्या मते हा उलटा व्यवहार आहे. कॅमेरा पुन्हा बाजारात मिळेल, आजीच्या लग्नाआधीच्या फोटोची निगेटिव्ह कुठल्या बाजारात मिळणार?

जाता जाता आणखी एक दुरुस्ती. लेखासोबत छापलेल्या चित्रात तिपाईवरची मोठी लाकडी पेटी आणि तिला जोडलेले काळे कापड दिसते. तो जत्रेत आणि कोर्ट-कचेऱ्यांबाहेर झटपट फोटो काढून देणाऱ्यांचा कॅमेरा आहे. त्याच्या पेटीतच अंधारखोली असते आणि त्यात रोल नव्हे, तर फोटोचा कागद वापरतात. त्याचा आणि वर वर्णन केलेल्या घरगुती बॉक्स कॅमेऱ्याचा चौकोनी आकाराखेरीज फारसा संबंध नाही.

शेवटी आपल्याला एक विनंती. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा शहरांत १२० चा रोल कोण विकते, तो कोण धुते, निगेटिव्हवरून कागदी प्रिंट कोण काढून देते आणि बॉक्स कॅमेऱ्याचे शटर कोण सुरू करून देते, याची माहिती आपल्या वार्ताहरांनी मिळवून त्याच रविवार पुरवणीत छापावी. मुंबईच्या बोरा बाजारातल्या जुन्या कॅमेरा-दुकानांपासून सुरुवात करता येईल. हे काम येणाऱ्यांपैकी बरेच जण वयस्कर आहेत आणि त्यांच्याकडे जाहिरातीला पैसा नाही, त्यामुळे ही यादी वृत्तपत्रानेच करणे योग्य ठरेल.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे