४ नोव्हेंबरच्या नाट्यवाचनाची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार.

५ तारखेला, रंगभूमी दिनी, आपल्यातले बरेच जण भावे नाट्यमंदिरात विष्णुदास भावे पदकाच्या सोहळ्याला जातात. म्हणून आपलं वाचन आदल्या दिवशी, ४ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसहाला, नेहमीच्याच जागी. हरिपूरच्या देवलांचं ‘शारदा’ आणि आपल्या सांगलीच्याच खाडिलकरांचं ‘मानापमान’, दोन्हींतले निवडक प्रवेश.

‘शारदा’तला लग्नाला उतावीळ म्हातारा, भुजंगनाथ, वाचणाऱ्यांना एक विनंती. नुसत्या कापऱ्या आवाजावर भागवू नका. गेल्या वेळी हशा भरपूर झाला, पण म्हाताऱ्याचा लोभ कुठे दिसलाच नाही. हा माणूस हसवतो आणि त्याच वेळी एका कोवळ्या पोरीच्या आयुष्यावर उठलेला असतो. १८९९ मध्ये देवलांनी हे दोन्ही एकाच पात्रात बसवलंय, ते ऐकू आलं पाहिजे.

‘मानापमान’च्या नायिकेसाठी, भामिनीसाठी, अजून कुणी नाव दिलेलं नाही. १९११ च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. आपल्याला फक्त वाचायचंय, तेव्हा लाजू नका!

पदं म्हणणाऱ्यांनी आपली पट्टी आधी कळवावी, पेटीवाले खोळंबतात. पुस्तकं वाचनालयाची आहेत, पेनानं खुणा करू नयेत. चहा आहे.