जोडीदाराला मागे टाकायचे नाही

महोदय,

दक्षिण आफ्रिकेतील केप एपिक ही माउंटन बाइक शर्यत २००४ मध्ये सुरू झाली. आठ दिवस, ६०० किलोमीटरहून अधिक अंतर, धूळ, सुटे दगड आणि एकूण सुमारे १५ हजार मीटर चढ. म्हणजे समुद्रसपाटीपासून नऊ वेळा कळसूबाई! मला मात्र सर्वांत भावतो तो तिथला एक नियम. स्पर्धक जोडीनेच उतरतात आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडले तर दंड बसतो. जोडीदाराची चेन तुटो की पोट बिघडो, थांबायचेच. यवतेश्वर घाटात मित्रासोबत सराव करताना हे किती कठीण आहे ते मला कळते. पायांत ताकद शिल्लक असताना वेग आवरणे चढापेक्षा जड जाते.

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेतील ‘रॅम’ (रेस अक्रॉस अमेरिका) ही सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हा त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच. पण ती शर्यत डांबरी रस्त्यावरची. कच्च्या वाटांवरच्या या खेळालाही क्रीडा पानावर जागा द्यावी, आणि विजेत्यांसोबत शेवटी पोहोचलेल्या जोडीची वेळही छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक सायकलस्वार, सातारा