पुराची खूण

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय संज्या,

तू पाठवलेला व्हिडिओ बघितला. मेंदूत तार, बटण दाबलं आणि म्हाताऱ्याचा थरथरणारा हात गप्प. खाली तुझा प्रश्न, "आपल्या बंड्याला हे का करत नाही?" लेका, त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून डॉक्टर गाठले, बंड्याला न सांगता.

सुरुवात तुला ठाऊक आहेच. 2019 चा महापूर, कुंभार गल्लीतल्या घरात छातीभर पाणी. ओसरल्यावर अख्खी गल्ली पंधरा दिवस घासत होती. आम्ही थांबलो, बंड्या थांबलाच नाही. पुढच्या वर्षी कोरोना आला आणि सगळं जगच याच्यासारखं हात धुवायला लागलं. आई कौतुकानं सांगायची, "आमच्या बंडूला आधीच कळलं होतं!" आता आंघोळीला दीड तास, टाकी दिवसाला दोनदा रिकामी आणि बोटांना भेगा पडून रक्त. हे सगळं फुकाचं आहे हे त्यालाही कळतं, तेच तर वाईट.

डॉक्टरांनी आधी व्हिडिओचाच निकाल लावला. तो पेशंट कंपवाताचा, तिथं फरक डोळ्यांदेखत दिसतो. ओसीडीत, म्हणजे नको ती शंका मनात घोळत राहून तेच तेच करायला लावणाऱ्या बंड्याच्या आजारात, तसं नसतं. कवटीला दोन लहान भोकं पाडून खोलवर इलेक्ट्रोड बसवतात, तारा मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत आणतात आणि तिथं पेसमेकरसारखी बॅटरी ठेवतात. मग करंट किती द्यायचा, कुठल्या टोकातून द्यायचा, हे जुळवण्यात महिने जातात. कपाळामागचा मेंदू आणि आतली केंद्रं यांच्यात शंकेचं रहाटगाडगं फिरत राहतं, ते करंटनं मोडायचं, अशी कल्पना. बेल्जियममधल्या डॉक्टरांनी ओसीडीवरचे पहिले अनुभव 1999 मध्ये छापले. अमेरिकेनं 2009 मध्ये मर्यादित परवानगी दिली, तीही बाकीचे उपाय करून थकलेल्यांसाठीच. दहातल्या साधारण सहाजणांना गुण येतो म्हणे. गुण म्हणजे किती, तर आजार किती जोरात आहे ते सांगणाऱ्या मोजपट्टीवरचा आकडा निदान 35 टक्के खाली. मी मनात हिशोब मांडला, दीड तासाची आंघोळ तासावर! डॉक्टरांनी तोंडावरून ओळखलं असणार. म्हणाले, "असं मिनिटांत मोजू नका. ज्याला उंबरा ओलांडता येत नव्हता तो कामाला जायला लागला तर त्याच्यासाठी ते केवढं असतं, बघा." पण मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कुणाला उगाचच चढलेला उल्हास, हे धोकेही त्यांनी लपवले नाहीत.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले, आणि गड्या, मला जागा पुरेना. गोळ्या कुठल्या डोसवर, किती आठवडे? या आजारात मात्रा वाढवून दहा-बारा आठवडे वाट बघावी लागते. आम्ही दोनदा चौथ्या आठवड्यातच "काय फरक नाही" म्हणून बंद केल्या. घाण वाटेल त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही, ही थेरपी किती झाली? शून्य. घरात अजून कोण धुतं? आई दुधाच्या पिशव्या साबणानं धुते, मी दुकानातून आलो की आधी मोरीत, हिचा टॉवेल वेगळा. त्याला त्रास नको म्हणून केलं सगळं, आणि पोसला आजार.

शेवटचा प्रश्न, "त्याला विचारलंत?" 2017 च्या कायद्यानं मनाच्या आजारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर पेशंटची स्वतःची संमती लागते, वर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. भावाच्या सहीला तिथं किंमत नाही. खरं तर मला बंड्या बरा व्हायला हवा होता, की मला सुटका हवी होती? तुझ्याजवळच बोलतो हे.

घरी येऊन त्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "डोक्याला भोक पाडायच्या आधी हात तरी घाण करून बघू." ऑपरेशनचं दार उघडंच ठेवलंय, पण पूर्ण मात्रेच्या गोळ्या आणि थेरपीला आता तिसरा महिना आहे. त्या मोजपट्टीवर चाळीसपैकी 31 असलेला आकडा 26 वर आलाय. पूर्वीपेक्षा चिडतो जास्त. आईनं पिशव्या धुणं सोडलं त्या दिवशी तर जेवलाच नाही.

काल त्याचा धडा होता भिंतीवरच्या पुराच्या खुणेला तळवा टेकवायचा आणि त्याच हातानं भडंग खायचं. मीही सोबत हात लावला. त्यानं मूठ भरली, घाम फुटला होता नुसता. आणि मी सवयीनं उठून मोरीकडे निघालो. मागून आवाज आला, "दादा, बस खाली. खा."

दिवाळीला येशील तेव्हा चप्पल दारातच सोड, पण पाय धुऊ नकोस.

तुझा,
अव्या