बाबांच्या पंच्याहत्तरीचे टेबल

गोथेनबर्ग, स्वीडन
१२ जानेवारी

ती. सौ. आईंना,
शि. सा. नमस्कार.

बाबांच्या पंच्याहत्तरीला स्वयंपाक घरीच करायचा, मदतीला दोन बायका बोलवायच्या आणि चाळीसएक पाहुण्यांसाठी दिवाणखान्यात टेबल मांडायचे, असे ठरल्याचे तुम्ही फोनवर सांगितलेत. इकडच्या लोकांची टेबले कशी मांडलेली असतात ते सविस्तर लिहून पाठव, फोनवर ऐकलेले फोडणी तडतडेपर्यंतही डोक्यात राहत नाही, असेही म्हणालात. म्हणून हे पत्र. बाबांना ‘बफे’ या शब्दाचाच राग आहे आणि ताट हातात धरून रांगेत उभे राहणे त्यांना अपमानाचे वाटते, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढे सांगा की हा शब्द फ्रेंच असून मुळात तो जेवणघरातल्या फडताळाचे नाव होता; रांगेचा त्याच्याशी काही संबंध नाही, रांग आपण मांडणीतल्या चुकीमुळे लावतो.

या देशात टेबल मांडण्याची स्वतःची जुनी रीत आहे. तिला स्मॉर्गसबोर्ड म्हणतात, म्हणजे शब्दशः लोणी लावलेल्या पावाचे टेबल. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनात ते मांडले गेले आणि तेव्हापासून बाहेरच्या जगालाही हा शब्द माहीत झाला. नाताळात याच टेबलाला यूलबोर्ड म्हणतात. गेल्या महिन्यात शेजारच्या आजींनी आम्हाला यूलबोर्डला बोलावले, तेव्हा मी आपल्या सवयीने एकाच ताटलीत बटाटे, बिटाचे गुलाबी सॅलड, चीज आणि कडेला गोड भात असे सगळे वाढून घेतले. आजींनी काही न बोलता माझ्या हातात दुसरी स्वच्छ ताटली दिली. त्यांच्याकडे आधी हेरिंग नावाचा सिरक्यात मुरवलेला मासा आणि उकडलेला बटाटा, मग इतर मासे, मग थंड मांस, त्यानंतर गरम पदार्थ आणि शेवटी चीज व गोड असा क्रम असतो आणि प्रत्येक फेरीला नवी ताटली घ्यायची असते. माझ्यासारख्या शाकाहारी बाईच्या वाट्याला त्यातले निम्मेच आले, पण टेबलाची शोभा कशात आहे ते त्या दिवशी कळले. त्या टेबलावर फुगे नव्हते, झालर नव्हती, कलिंगडाचा कोरलेला मोर नव्हता. फक्त प्रत्येक पदार्थ आपापल्या जागी होता आणि कुठून सुरुवात करायची हे पाहणाऱ्याला न विचारता समजत होते.

घरी येताना मनात आले की हा क्रम आपल्याला नवा कुठे आहे? मीठ मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद: लग्न होऊन आले तेव्हा चटणी उजवीकडे वाढली म्हणून तुम्ही मला हसून दुरुस्त केले होते, ते मी विसरलेले नाही. टेबल म्हणजे लांबवर पसरलेले ताटच समजा. एका टोकाला ताटे, त्यानंतर डावी बाजू म्हणजे लिंबाच्या फोडी, चटणी, लोणचे, कोशिंबीर, कोथिंबीर वडी. मग उजवी बाजू म्हणजे बटाट्याची भाजी आणि अळूची पातळ भाजी. त्यापुढे पुऱ्या आणि सर्वांत शेवटी मसालेभात. चमचे आणि हातपुसणी ताटांजवळ न ठेवता दुसऱ्या टोकाला ठेवावीत, म्हणजे वाढून घेताना लोकांना ती बोटांत कवटाळून फिरावे लागत नाही. जिलेबी, मठ्ठा आणि पाणी यांना वेगळे छोटे टेबल द्यावे, कारण मठ्ठा ओतून घेणारा माणूस हमखास रेंगाळतो आणि त्याच्यामागे सगळे अडकतात.

रांगेचा उपाय सांगते. आपले टेबल शोकेसला चिकटवून ठेवले तर एकाच बाजूने माणसे पुढे सरकतील. ते भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा आणि प्रत्येक पदार्थाला दोन्ही बाजूंनी एकेक डाव ठेवा; चाळीस माणसे बघता बघता वाढून घेतील. गच्चीवर मांडायचा भाऊजींचा विचार मात्र सोडून द्यावा असे मला वाटते. फेब्रुवारीत नाशिकला संध्याकाळनंतर चांगला गारवा असतो, त्यात भात पंधरा मिनिटांत थंड होईल आणि कागदी हातपुसण्या शेजाऱ्यांच्या अंगणात जातील.

आता माझी फजिती. इथे आल्यावर पहिल्या दिवाळीला मी बारा जणांना जेवायला बोलावले होते. दोन दिवस खपून वरण, बटाट्याची भाजी, कढी, पुरणपोळी आणि केशरी श्रीखंड केले, पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पितळेच्या भांड्यांत मांडले आणि वर पिवळा दिवा लावला. दुसऱ्या दिवशी फोटो पाहिले, तर भांडे कुठे संपते आणि पदार्थ कुठे सुरू होतो तेच कळेना. चव उत्तम होती, पण दिसायला सारे एकच पिवळे होते. शिवाय त्या टेबलक्लॉथवरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल झाला, ती कहाणी वेगळीच. तेव्हापासून मी पदार्थ ठरवतानाच रंग मोजते. दोन पिवळे पदार्थ शेजारी आले की मधे बिटाची कोशिंबीर किंवा हिरवी चटणी ठेवायची, बटाट्याच्या भाजीवर कोथिंबीर आणि ओले खोबरे अगदी वाढायच्या वेळी घालायचे, मसालेभातावर डाळिंबाचे चार दाणे टाकले तरी चालतात. (मसालेभातात डाळिंब म्हटल्यावर बाबांची भुवई वर जाईल. ते फक्त दिसण्यापुरते आहेत, त्यांनी बाजूला सारावेत.) खाली पांढरे कापड नको, तुमचे जुने गडद हिरवे इरकल नेसण्यापलीकडे गेले आहे, त्याचा लांब पट्टा टेबलाच्या मधोमध अंथरला तर खूप छान दिसेल. कोणी हौसेने येवल्याची पैठणी काढू लागले तर मात्र तुम्ही ठाम नकार द्या.

उंचीच्या बाबतीत तुम्हाला शिकवण्यासारखे माझ्याजवळ काही नाही, कारण गौरींपुढे तुम्ही डबे उपडे घालून, त्यावर पाट आणि कापड टाकून फराळाच्या ज्या पायऱ्या रचता, तेच इथे करायचे आहे. फरक इतकाच की गौरींपुढे आपण एका बाजूने पाहतो म्हणून उंच ते मागे असते. या टेबलाला दोन बाजू असल्यामुळे उंच ते मधोमध यायला हवे. चटणी-लोणच्यासारखे कमी लागणारे वर, आणि गरम, जड, पातळ असे काहीही उंचावर नाही. अळूचे पातेले पाटावरून कलंडले तर पुढचे सांगायला नको.

भांड्यांविषयी जरा विस्ताराने लिहिते. आपल्या माळ्यावर आजेसासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी आहेत आणि कमी पडलीच तर भांडी बाजार जवळच आहे. नाशिकची ओळखच ज्या भांड्यांमुळे आहे ती सोडून भाड्याची चकचकीत भांडी आणण्याचे कारण नाही. चिंच आणि मीठ चोळून धुतली की ती लखलखतील. पण कल्हई आहे की नाही ते आत हात फिरवून नीट पाहा. कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, हे तुम्हीच मला शिकवलेत. अळूच्या भाजीत चिंच आहे, कोशिंबिरीत दही आहे, मठ्ठा तर ताकच. तेव्हा हे तिन्ही स्टीलमध्ये किंवा चिनी मातीच्या भांड्यांतच ठेवा, हवे तर ते स्टीलचे भांडे पितळी पातेल्यात बसवा. पुऱ्यांसाठी बांबूची टोपली घ्या, तळाशी केळीचे पान, वर सुती कापड. झाकण ठेवले तर वाफेने पुऱ्या मऊ पडतात.

मोठे पातेले निम्मे रिकामे झाले की त्याच्या कडेला वाळलेले अन्न चिकटते आणि कितीही सजवलेले टेबल उष्टे दिसू लागते. म्हणून लहान भांडी ठेवून स्वयंपाकघरातून ती पुन्हा पुन्हा भरून आणावीत. हे काम भाऊजींवर सोपवा, ते गप्पांत रमतील म्हणून बरोबर जाऊबाईंनाही. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातले तर तिला पाणी सुटून ती तरंगू लागते, तेव्हा मीठ आणि दही प्रत्येक भांडे बाहेर नेतानाच घालावे. भात आणि भाज्या यांच्याखाली गरम पाण्याचा ट्रे आणि बर्नर असावा. पदार्थ साठ अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिला पाहिजे. कोमट झालेला भात दोन तासांहून जास्त वेळ टेबलावर राहू देऊ नका, भाताने पोट बिघडते ते त्यामुळेच.

द्राक्षांशिवाय नाशिकचे टेबल होऊच शकत नाही. तोपर्यंत पिंपळगाव, दिंडोरीकडचा माल बाजारात भरपूर आलेला असेल. हिरवी थॉमसन आणि काळी शरद अशी दोन्ही आणा. आख्खा घड ठेवला की लोक मणी तोडून नेतात आणि तासाभरात नुसता सांगाडा उरतो, तो फार केविलवाणा दिसतो. कात्रीने आठ-दहा मण्यांचे छोटे झुबके कापून ठेवले तर प्रत्येक जण एक झुबका उचलेल आणि मागचे तसेच सुंदर राहतील. मण्यांवर पिठासारखा पांढुरका थर असतो, तो बहुतेकांना औषधाचा वाटतो, पण ते द्राक्षाचे स्वतःचे मेण असते. फवारणी झालेली असते म्हणून द्राक्षे नीट धुवावीत हे खरे, मात्र पाण्यात हलवून, निथळून. फडक्याने चोळून चमकवली की ती काचेची वाटतात. इथल्या दुकानात डब्यावर ‘भारत’ लिहिलेली द्राक्षे कधी दिसली की मी आधी तो थर पाहते.

मुघल काळात ज्या गावाला गुलशनाबाद म्हणत, त्या गावात फुले कमी वापरा म्हणणे विचित्र वाटेल, तरीही म्हणते. निशिगंध किंवा मोगरा पदार्थांच्या मध्ये ठेवला की मसालेभाताचा वास हरवतो. फुलांची परडी ताटांच्या टोकाला एकच असू द्या, पदार्थांच्या मधे कढीपत्त्याच्या डहाळ्या आणि पिवळी लिंबे पुरेत. अंगणातली कण्हेर मात्र टेबलाजवळ आणू नका. ती विषारी असते आणि लहान मुले कशालाही हात घालतात.

वन्संच्या यजमानांना शेंगदाणा चालत नाही आणि आत्याबाई कांदा-लसूण खात नाहीत, तेव्हा प्रत्येक पदार्थापुढे नावाची छोटी चिठ्ठी हवी आणि तीत शेंगदाण्याचे कूट, कांदा, लसूण यांचा उल्लेख हवा. चिठ्ठ्या बाबांनीच लिहाव्यात. त्यांचे अक्षर घरात सर्वांत वळणदार आहे, आणि समारंभाच्या सकाळी त्यांच्या हाताला काम राहिले तर ते स्वयंपाकघरात येऊन मिठाचे प्रमाण विचारणार नाहीत.

सत्तरीपुढच्या मंडळींना उभे करू नका. खिडकीजवळ दहा जणांसाठी खुर्च्या-टेबल लावून त्यांना पानेच वाढा, डावे-उजवे सगळे नीट. बाबाही त्यांतच बसतील आणि त्यांची तक्रार राहणार नाही.

माळ्यावरचे मोठे तांब्याचे घंगाळ द्राक्षांसाठी काढाल, तेव्हा त्याची डावी कडी सैल आहे हे लक्षात असू द्या. दोघांनी खालून धरून उतरवावे. पाहुणे यायच्या आधी टेबलाचा एक फोटो पाठवा, आम्ही येथे दुपारी जागेवरच असू.

बाबांना आमचा दोघांचा सा. नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
थोरली सून