पत्रा आणि पन्हळ यांच्यामधली पट्टी

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

इंदुरात गच्चीवर रंगीत पत्र्याची शेड टाकण्याची घाई पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होते. पत्रे चढले, पन्हळ लागली, हिशेब मिटला. मग जुलैत पन्हळीमागच्या भिंतीचा माथा ओला दिसू लागतो आणि घरमालक वॉटरप्रूफिंगच्या रंगावर पैसे घालतो. पुष्कळदा दोष भिंतीचा नसतोच. पत्रा आणि पन्हळ यांच्यामध्ये ड्रिप एजची, म्हणजे पत्र्याच्या कडेचे पाणी पन्हळीत सोडणारी वाकवलेली पट्टी बसवायची राहिलेली असते.

पत्र्याच्या कडेवरून सगळे पाणी सरळ खाली पडत नाही. पृष्ठताणामुळे काही पाणी कडेला चिकटते, पत्र्याच्या पोटाखाली वळते आणि मागे सरकत सांगाड्याच्या पहिल्या आडव्या पाइपवर उतरते. झोडपणाऱ्या सरीपेक्षा रिमझिमीत हे जास्त होते, म्हणून कारण लवकर लक्षात येत नाही. तो पाइप आधी गंजतो, जुन्या घरात वाशाचे टोक कुजते.

पट्टी ०.५ मि.मी. जाडीच्या गॅल्व्हनाइज्ड किंवा रंगीत पत्र्याचीच करावी. वरची बाजू १०० मि.मी., ती पत्र्याखाली जाते. खालची बाजू ७५ मि.मी., तिची शेवटची १० मि.मी. कड बाहेर वळवलेली, म्हणजे थेंब तिथेच सुटतो. ही खालची बाजू पन्हळीच्या आत उतरली पाहिजे. ती पन्हळीच्या मागे खोचली, तर पाणी थेट भिंतीवर जाते. त्यापेक्षा पट्टी नसलेली बरी.

नव्या कामात आधी पन्हळीचे ब्रॅकेट, मग पन्हळ, मग पट्टी, शेवटी पत्रा. ब्रॅकेट दर ६०० मि.मी.वर एक. पट्टीचे जोड ५० मि.मी. एकमेकांवर चढवावेत, मध्ये सिलिकॉन. मात्र व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन जस्ताचा थर खाते. असा वास नसलेले ‘न्यूट्रल क्युअर’ सिलिकॉन मागून घ्यावे. पट्टी कात्रीने कापावी. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कडेचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

सर्वात जास्त चूक उताराच्या हिशेबात होते. पन्हळीला मीटरमागे ५ मि.मी. उतार हवा, म्हणजे ८ मीटरला ४० मि.मी. पट्टी मात्र पत्र्याबरोबर सपाट राहते. खालची बाजू ५० मि.मी.च ठेवली, तर उंच टोकाला ती पुरेशी आत असते आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम १० मि.मी. उरते. वारा आला की पाणी त्या फटीतून मागे जाते. म्हणून ७५ मि.मी. घ्यावी, किंवा पन्हळीतले पाणी खाली नेणारा उतरता पाइप मधोमध देऊन दोन्ही बाजूंना ४-४ मीटरचा उतार काढावा. दुसरा उपाय अधिक चांगला, पण पाइप दर्शनी भागात येतो म्हणून लोक नको म्हणतात.

पत्रा पन्हळीत ५० मि.मी. पुढे असावा. फार पुढे काढला, तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात. पन्हळीची पुढची कड मागच्या कडेपेक्षा १२ मि.मी. खाली ठेवावी; कडुनिंबाच्या पानांनी तोंड तुंबले, तरी पाणी बाहेरच्या बाजूला सांडेल, घरात नाही.

उतरत्या पाइपच्या मापातही काटकसर नको. ३० बाय २० फुटांची शेड म्हणजे सुमारे ५६ चौरस मीटर. तासाला ५० मि.मी. पाऊस पडला, तर त्यावरून २,८०० लिटर पाणी येते. ११० मि.मी.चा एक पाइप पुरतो. ७५चा पाइप पानांनी लवकर तुंबतो.

शेड आधीच झाली असेल, तर पत्रे उतरवावे लागत नाहीत. कडेच्या ओळीचे स्क्रू काढून पट्टी पत्र्याखाली सरकवावी आणि त्याच भोकांत एक माप जाड स्क्रू, नवा रबरी वॉशर घालून, आवळावेत. वॉशर थोडा दबेल इतकेच. चेपून बाहेर आला, तर दोन उन्हाळ्यांत चिरतो.

आपला,
एक वाचक, इंदूर